धन आयन आणि ऋण आयन: ओळखायचे कसे, मोजायचे कसे आणि कामाला लावायचे कसे

सोडियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन जातो आणि त्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह येतं. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि त्याला उणे लागतं. असं चिन्ह लागलेला अणू किंवा अणूंचा समूह म्हणजे आयन: अधिकचा तो धन, उण्याचा तो ऋण. गेलं तर अधिक, आलं तर उणे! शाळेत हा उलटा हिशेब ऐकल्यावर बहुतेक मुलं तो मुकाट्याने पाठ करतात आणि पुढे त्या पाठांतरावरच चालतात. पाठांतराने व्याख्या लिहिता येते. पण सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) बसवूनही पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) का उतरत नाही, किंवा ठिबकच्या टाकीत दोन चांगली खतं एकत्र केली की पांढरा साका का बसतो, हे त्याने सुटत नाही.

लेखभर एकच सवय वापरायची आहे. आयन दिसला की आधी त्याचं चिन्ह बघायचं आणि लगेच विचारायचं, याचा जोडीदार कोण? बाटलीत, विहिरीत, रक्तात किंवा जमिनीत, नुसते धन किंवा नुसते ऋण आयन कुठेही साठवून ठेवता येत नाहीत. माझ्या मते या विषयातले निम्मे घोटाळे जोडीदाराला विसरल्यामुळे होतात.

पायरी १: प्रोटॉन मोजा, इलेक्ट्रॉन मोजा, वजाबाकी करा

प्रभार म्हणजे प्रोटॉनची संख्या वजा इलेक्ट्रॉनची संख्या. सोडियमचा अणुअंक ११, म्हणून प्रोटॉन ११. एक इलेक्ट्रॉन गेल्यावर उरले १०. अकरातून दहा गेले, प्रभार १+. क्लोरीनमध्ये प्रोटॉन १७, एक इलेक्ट्रॉन मिळाल्यावर इलेक्ट्रॉन १८, प्रभार १−. कॅल्शियममध्ये प्रोटॉन २०, इलेक्ट्रॉन १८, प्रभार २+.

उत्तरपत्रिकेत नेहमी दिसणारी चूक म्हणजे ‘सोडियमला धन प्रभार मिळतो’. सोडियमला काहीही मिळालेलं नसतं. प्रोटॉन केंद्रकात घट्ट बसलेले असतात, रासायनिक अभिक्रियेत त्यांना कुणी हात लावत नाही. ये-जा होते ती इलेक्ट्रॉनची. इलेक्ट्रॉन म्हणजे अणूच्या खात्यावरचं कर्ज समजा, कर्ज उतरलं की खातं अधिकात जातं. उलटेपणाचा दोष खरं तर इतिहासाचा आहे. विजेच्या प्रभाराला अधिक-उणे म्हणण्याची पद्धत बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात पाडली आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांना. फ्रँकलिनने चिन्हं उलटी लावली असती, तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन गेला की उरतो नुसता प्रोटॉन, आणि हा प्रोटॉन रसायनशास्त्रात खुशाल इकडून तिकडे फिरतो. अमोनियाला तो चिकटला की अमोनियम (१+) तयार होतो, पाण्याला चिकटला की हायड्रोनियम (१+). म्हणजे अमोनियम धन झाला तो इलेक्ट्रॉन गमावून नाही, प्रोटॉन घेऊन. वजाबाकीचा नियम तिथेही तसाच लागतो: अमोनियममध्ये एकूण प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०.

पायरी २: प्रभार किती येईल, ते आधीच सांगा

आवर्तसारणी समोर ठेवा. गण १ मधले धातू १+ देतात, गण २ मधले २+, ॲल्युमिनियम ३+. उजवीकडे गण १७ मधले १−, ऑक्सिजन आणि सल्फर २−, नायट्रोजन ३−. धातू देतात, अधातू घेतात. प्राथमिक अंदाजाला एवढं पुरतं.

पण ‘अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. सोडियम काही आनंदाने देत नाही. वायुरूप सोडियममधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल ४९६ किलोज्यूल खर्च येतो. क्लोरीनला तो देऊन परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे दोन सुटे अणू घेऊन दोन सुटे आयन बनवणं हा सरळ १४७ किलोज्यूलचा तोटा आहे. मग मीठ बनतंच का? तर बनलेले धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचले जातात, तेव्हा प्रति मोल सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. सगळा नफा इथला. जोडीदाराशिवाय सोडियमचा आयन परवडतच नाही, आणि हे आकड्यांत दिसतं.

सोडियम १+ वरच का थांबतो, हेही तसंच सुटतं. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च ४,५६२ किलोज्यूल, कारण तो आतल्या कवचातला. एवढी भरपाई कुठलाही स्फटिक करू शकत नाही. मॅग्नेशियमचे आकडे पाहा: पहिला ७३८, दुसरा १,४५१, तिसरा ७,७३३. उडी दुसऱ्यानंतर येते, म्हणून मॅग्नेशियम २+.

मधल्या पट्ट्यातले संक्रमण धातू मात्र एका आकड्यावर ठरत नाहीत. लोह २+ आणि ३+ दोन्ही देतं, तांबं १+ आणि २+. बोअरचं पाणी उपसताना नितळ दिसतं आणि बादलीत काही वेळ राहिलं की तांबूस होतं, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह २+ रूपात पाण्यात विरघळलेलं असतं. वर आल्यावर हवेतला ऑक्सिजन त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, ३+ झालेलं लोह पाण्यातल्या हायड्रॉक्साइडशी जोडी जमवतं आणि तांबूस गाळ बनून बुडाशी बसतं. चिन्ह तेच, आकडा एकाने वाढला आणि विरघळणारं लोह न विरघळणारं झालं.

पायरी ३: आकाराचा अंदाज घ्या

इलेक्ट्रॉन गेला की आयन मूळ अणूपेक्षा लहान होतो, आला की मोठा. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, त्याच्या धन आयनाची १०२. क्लोरीनची ९९, क्लोराइडची १८१. गंमत अशी की अणू असताना सोडियम मोठा असतो आणि मिठात मात्र क्लोराइड मोठा.

परीक्षेत हमखास विचारतात ती ओळ म्हणजे ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम. पाचांतही इलेक्ट्रॉन १०च. त्रिज्या मात्र १४०, १३३, १०२, ७२ आणि ५४ पिकोमीटर अशी उतरत जाते. प्रोटॉन ८ पासून १३ पर्यंत वाढत जातात आणि तेवढेच दहा इलेक्ट्रॉन अधिकाधिक आत ओढले जातात. प्रश्नात ‘समान इलेक्ट्रॉनसंख्या’ असं दिसलं, की फक्त प्रोटॉन बघायचे.

पायरी ४: नावावरून चिन्ह ओळखा

संयुगाच्या नावात धन आयन आधी, ऋण आयन नंतर. धन आयनाचं नाव मूलद्रव्याचंच राहतं. ऋण आयनाचं शेपूट बदलतं: एकट्या मूलद्रव्याचा असेल तर ‘आइड’, ऑक्सिजनसोबत असेल तर बहुधा ‘एट’ किंवा ‘आइट’ (हायड्रॉक्साइड हा अपवाद). सरबताच्या बाटलीवरचं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लोणच्यावरचं सोडियम बेन्झोएट, सगळीकडे क्रम हाच. अनेक अणूंच्या धन आयनांत रोजच्या ओळखीचा अमोनियम हा एकच. बाकी सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट ही सगळी मंडळी ऋण.

‘धातू म्हणजे धन’ हा अंदाज एका ठिकाणी फसतो. पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीज हा धातू आहे, पण तो चार ऑक्सिजनांच्या घोळक्यात बसलेला आहे आणि त्या अख्ख्या घोळक्यावर १− आहे. क्रोमेट, डायक्रोमेट, ॲल्युमिनेट यांचंही तेच. धातूचं नाव नुसतं आलं तर धन. त्याला ‘एट’ लागलं तर तो ऋण आयनाच्या पोटात गेलाय.

पायरी ५: सूत्र जुळवा

नियम एकच: एकूण अधिक आणि एकूण उणे समान. ॲल्युमिनियम ३+ आणि सल्फेट २− असतील तर ॲल्युमिनियम दोन, सल्फेट तीन. सहा अधिक, सहा उणे. तिरकस गुणाकाराची युक्ती हेच करते, फक्त शेवटी संक्षेप द्यायला विसरू नका. कॅल्शियम आणि ऑक्साइड दोन-दोन नसतात, एकास एक.

तुरटी हा याचा चांगला सराव. तिच्यात पोटॅशियम १+, ॲल्युमिनियम ३+ आणि दोन सल्फेट असतात. अधिक चार, उणे चार, हिशेब चुकता. शिवाय स्फटिकात पाण्याचे बारा रेणू, पण ते उदासीन असल्यामुळे बेरजेत येत नाहीत.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, ते कामही चिन्हाचंच आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटत पाण्यात तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. ॲल्युमिनियमचा धन आयन त्यांचा प्रभार मारतो, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जो चिकट गाळ तयार होतो त्यात कण अडकतात. कण एकत्र येऊन जड झाले की बसतात. मग मीठ टाकून गढूळ पाणी का निवळत नाही? सोडियमही धनच आहे की! पण साका पाडण्याची ताकद प्रभाराबरोबर झपाट्याने वाढते, १+ पेक्षा २+ कितीतरी जोरकस आणि ३+ त्याहून. म्हणून चिमूटभर तुरटी जे करते ते मूठभर मिठाला जमत नाही. पाणी निवळलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

पायरी ६: रंग कुणाचा आणि धावतो कुठे, ते डोळ्यांनी पाहा

मोरचूद निळा, पोटॅशियम परमँगनेट जांभळं. रंग धन आयनाचा की ऋण आयनाचा? जोडीदार बदलून पाहायचं. मोरचूद म्हणजे तांबं आणि सल्फेट. पोटॅशियम सल्फेट पाण्यात टाकलं तर रंगहीन, म्हणजे सल्फेटला रंग नाही, निळा रंग तांब्याच्या धन आयनाचा. पोटॅशियम क्लोराइडही रंगहीन, म्हणून परमँगनेटमधला जांभळा पोटॅशियमचा असू शकत नाही, तो ऋण आयनाचा.

आता हा जांभळा ऋण आयन चालताना पाहू. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसोबत करा. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीएवढा गाळणकागद कापा, नळाच्या पाण्याने ओला करून पट्टीवर चिकटवा. पाणी ओघळता कामा नये. दोन्ही टोकांना मगरचिमटे लावा. मधोमध पेन्सिलीने रेघ मारा आणि तिच्यावर परमँगनेटचा एकच बारीक खडा चिमट्याने ठेवा. मग ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट द्या. भिंतीतल्या विजेला यात अजिबात स्थान नाही. खड्याभोवती जांभळा डाग आधी सगळीकडे सारखा पसरतो. दहा-पंधरा मिनिटांत तो एका बाजूला शेपटीसारखा लांबू लागतो, बॅटरीच्या धन टोकाकडे. वेग मिनिटाला फार तर मिलिमीटरभर, तेव्हा घाई करू नका. तारा उलट्या जोडल्या तर शेपटी दुसऱ्या बाजूला फुटते. ती नक्की करून बघा, कारण डाग कागदाच्या उतारामुळे वाहिला नाही याची खात्री त्याशिवाय होत नाही. पोटॅशियम त्याच वेळी उलट दिशेने चाललेला असतो, पण रंग नसल्याने दिसत नाही.

विद्युत अपघटनात धन आयन ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेल्या टोकाकडे) जातात आणि तिथे इलेक्ट्रॉन घेतात. ऋण आयन धनाग्राकडे जातात आणि तिथे ते सोडतात. हे आयन वीज लावल्यामुळे तयार होत नाहीत, हे मात्र ठासून सांगायला हवं. वीज येण्याआधीच ते द्रावणात मोकळे फिरत असतात. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं, तेव्हा परीक्षकांना ते फारसं रुचलं नाही आणि प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. त्याच विचारासाठी १९०३ चं नोबेल मिळालं.

पायरी ७: परीक्षानळीत ओळख पटवा

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात अनोळखी क्षारातला एक धन आणि एक ऋण आयन शोधायचा असतो. कृती वहीत असतातच, मी फक्त जिथे गाडी अडते ती ठिकाणं सांगतो.

प्रत्येक अभिकारक आपला जोडीदार घेऊन येतो. क्लोराइड शोधायला सिल्व्हर नायट्रेट टाकतात, पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो आणि तो अमोनियाच्या द्रावणात विरघळतो. त्याआधी द्रावण आम्लधर्मी करायचं ते विरल नायट्रिक आम्लाने. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलंत तर क्लोराइड तुम्हीच घातलं, अवक्षेप येणारच. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड, पांढरा अवक्षेप, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात न विरघळणारा. तिथे चुकूनही सल्फ्युरिक आम्ल नको. आणि ज्या नळीत बेरियम क्लोराइड टाकलं तिच्यातच पुढे क्लोराइड शोधत बसू नका. दर चाचणीला नवीन नमुना.

कार्बोनेट सगळ्यात सोपा. आम्ल टाकलं की फसफसून वायू निघतो आणि चुन्याची निवळी दुधाळ करतो. घरी खाण्याचा सोडा आणि लिंबू घेऊनही फसफस दिसेल, सोड्यात बायकार्बोनेट असतं, त्याचाही वायू तोच. निवळी बनवायला खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून घ्या.

धन आयनांत सुरुवात अमोनियमपासून करा, कारण बाकीचे धन आयन ज्या गटांत क्रमाने शोधतात, त्या रांगेत त्याला जागा नाही. सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवलं की अमोनियाचा नाकात झोंबणारा वास येतो आणि ओला तांबडा लिटमस निळा होतो. ही चाचणी मूळ क्षारावरच करायची. तिसऱ्या गटासाठी अमोनियम क्लोराइड आणि अमोनियाचं द्रावण तुम्ही स्वतःच घालता, त्यानंतर अमोनियम सापडला तर तो कुणाचा, हे सांगता येत नाही. तांबं अमोनियात गडद निळं होतं, शिसं पोटॅशियम आयोडाइडबरोबर पिवळं, लोह (३+) पोटॅशियम थायोसायनेटबरोबर रक्तासारखं लाल.

ज्योत परीक्षेत सोडियम पिवळा, कॅल्शियम विटकरी, बेरियम पोपटी, पोटॅशियम फिकट जांभळा. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ती वरणातल्या मिठातल्या सोडियममुळे. बारकाईने सांगायचं तर तो पिवळा प्रकाश सोडियमचा आयन देत नाही. ज्योतीत आयनाला क्षणभर इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि तापलेला उदासीन अणू प्रकाश टाकतो. तोंडी परीक्षेत हे सांगा, परीक्षक मान वर करून बघतील. पोटॅशियम पाहताना निळ्या कोबाल्ट काचेतून पाहा, नाहीतर सोडियमच्या लेशमात्र अंशाचा पिवळा रंग त्याला झाकून टाकतो.

पायरी ८: पाण्याच्या अहवालाचा ताळा करा

आता जे शिकलो ते पैसे मोजून घेतलेल्या कागदावर लावू. पाणी उदासीन असतं, म्हणून त्यातल्या धन आयनांचा एकूण प्रभार ऋण आयनांच्या एकूण प्रभाराएवढाच हवा. अहवालात मात्र आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर असतात, म्हणजे वजनात, आणि वजनांची बेरीज करून काही जुळत नाही. आधी वजनाचं प्रभारात रूपांतर करायचं. आयनाचं वस्तुमान भागिले त्याचा प्रभार, म्हणजे त्याचा सममूल्य भार, आणि अहवालातल्या आकड्याला त्याने भागायचं. उत्तर येतं मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये. उदाहरणादाखल एक विहीर घेऊ.

| आयन | मिलिग्रॅम प्रति लिटर | भाजक | मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर |
|---|---|---|---|
| कॅल्शियम (२+) | ८० | २०.०४ | ३.९९ |
| मॅग्नेशियम (२+) | ३६ | १२.१५ | २.९६ |
| सोडियम (१+) | ६९ | २३.० | ३.०० |
| पोटॅशियम (१+) | ४ | ३९.१ | ०.१० |
| धन एकूण | | | १०.०५ |
| बायकार्बोनेट (१−) | ३०५ | ६१.० | ५.०० |
| क्लोराइड (१−) | १०६ | ३५.४५ | २.९९ |
| सल्फेट (२−) | ७२ | ४८.०३ | १.५० |
| नायट्रेट (१−) | ३१ | ६२.० | ०.५० |
| ऋण एकूण | | | ९.९९ |

फरक ०.०६, दोन्ही बेरजा मिळून २०.०४. फरक भागिले बेरीज गुणिले १००, म्हणजे ०.३ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर अहवाल विश्वासाचा. मॅग्नेशियमकडे जरा पाहा: वजनात सोडियमच्या जवळजवळ निम्मं, पण प्रभारात त्याच्याच बरोबरीला. हलका आणि वर २+, म्हणून वजनाच्या यादीत तो उगाच किरकोळ वाटतो.

ताळा जुळला नाही तर प्रयोगशाळेवर आरोप करण्याआधी तीन गोष्टी तपासा. अहवालात बायकार्बोनेट दिलंय की ‘अल्कता, कॅल्शियम कार्बोनेट रूपात’? बहुधा दुसरंच असतं. आपल्या विहिरीत ती अल्कता २५० दिसेल, तिला ५० ने भागायचं, ६१ ने नाही. ६१ ने भागलंत तर ४.१० येतं आणि एवढ्या एका चुकीने त्रुटी पाच टक्क्यांवर जाते. दुसरं, नायट्रेट कधी कधी ‘नायट्रोजन रूपात’ देतात. तसे ७ मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटचे ३१. तिसरं, एखादा मोठा आयन मोजलाच नसेल. सल्फेट वगळून बघा, त्रुटी ८.४ टक्के होते. धनाची बेरीज जास्त निघाली की हरवलेला ऋण शोधायचा, आणि उलट.

आणि ताळा शंभर टक्के तंतोतंत जुळला तर? तेव्हा मला जास्त शंका येते. सोडियम न मोजता वजाबाकीने काढून लिहायची पद्धत जुनी आहे. तसं केलं असेल तर ताळा नेहमीच जुळतो आणि काहीच सिद्ध करत नाही. सोडियम मोजलंय का, एवढं विचारून घ्या.

आकडे पिण्यायोग्य आहेत का, हा वेगळा प्रश्न. आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि तिला सूट नाही. फ्लुओराइड १.०, पर्यायी स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. क्लोराइड २५०, पर्याय नसेल तर १,०००. मर्यादा नेमक्या आयनांच्या आहेत, पण टीडीएसमापक विजेचं वहन मोजतो. त्याला अधिक-उणे कळत नाही, फ्लुओराइड की क्लोराइड हेही कळत नाही. तीनशे टीडीएसच्या पाण्यातही फ्लुओराइड घातक असू शकतं.

सॉफ्टनरचं गणितही याच तक्त्यातून सुटतं. त्यातलं रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं आणि तेवढ्याच प्रभाराचं सोडियम सोडतं. एका कॅल्शियममागे दोन सोडियम, म्हणजे ४० च्या जागी ४६, वजन किंचित वाढतंच. ऋण आयनांना तर हातही लागत नाही. टीडीएस उतरला नाही म्हणून यंत्र बिघडलं असं नसतं, साबणाला फेस येतोय का आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरायचा थांबला का, हे बघा. उलट जिथे त्रास मुळात सोडियम आणि क्लोराइडचा आहे, उदाहरणार्थ अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, तिथे सॉफ्टनर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे आरओसारखं, दोन्ही चिन्हांचे आयन जोडीने काढणारं तंत्र लागतं.

रक्ताच्या इलेक्ट्रोलाइट अहवालाचाही असाच ताळा घालतात. सोडियम १४०, क्लोराइड १०४, बायकार्बोनेट २४ असेल, तर १४० वजा १२८ म्हणजे १२. याला ॲनायन गॅप म्हणतात. रक्त काही धन प्रभारित नसतं. हे बारा म्हणजे मुख्यतः न मोजलेले ऋण आयन, त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन मोठं. हा आकडा वाढला की लॅक्टेट किंवा कीटोनसारखा एखादा ऋण आयन साठलाय का, हे डॉक्टर शोधतात. तो अर्थ त्यांनीच लावायचा.

पायरी ९: शेतात लावा

काळ्या जमिनीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार भरपूर असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम तिला धरून राहतात आणि नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली निघून जातं. युरियाचं जमिनीत आधी अमोनियम होतं आणि जिवाणू पुढे त्याचं नायट्रेट करतात. म्हणजे तोच नायट्रोजन धनचिन्हाखाली असताना टिकतो, ऋणचिन्हाखाली गेल्यावर झिरपतो. एका दमात गोणीभर युरिया टाकून वर पाट भरून पाणी सोडलं, तर त्यातला बराचसा विहिरीच्या अहवालात नायट्रेट होऊन भेटतो. हप्त्यांनी द्या, असं सांगतात त्यामागे हे आहे.

चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम (२+) त्याला उठवून जागा घेतो. पण उठवलेला सोडियम सल्फेटसोबत पाण्यात उतरतो आणि निचरा नसेल तर तिथेच राहतो. चर न काढता नुसतं जिप्सम टाकणाऱ्यांना गुण येत नाही तो यामुळे.

ठिबकमधून खत देताना नियम सोपा आहे: कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत सल्फेट किंवा फॉस्फेटचं कुठलंही खत घालायचं नाही. मॅग्नेशियम सल्फेट विरघळणारं, कॅल्शियम नायट्रेटही विरघळणारं, पण एकत्र आले की कॅल्शियम आणि सल्फेट जोडी जमवतात आणि जिप्समचे कण ड्रिपरच्या तोंडात अडकतात. मोनोअमोनियम फॉस्फेटबरोबर कॅल्शियम फॉस्फेट बसतं, ते आणखी चिवट. नवीन खत आणलं की टाकीत ओतण्याआधी बाटलीत करून पाहा. टाकीत वापरणार त्याच पाण्यात आणि त्याच प्रमाणात दोन्ही खतं विरघळवून एकत्र करा, हलवा आणि अर्धा तास ठेवा. विहिरीचंच पाणी घ्या, कारण त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेटही या जुळवाजुळवीत भाग घेतात. नितळ राहिलं तर चालेल. दुधाळ झालं किंवा बुडाशी साका बसला, तर ती दोन खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा आणि मधे लॅटरल (ठिबकच्या नळ्या) साध्या पाण्याने धुऊन घ्या.